कालप्रवासी मालिका आणि डोंबिवलीचे तर्कपंडित

आमची थोरली बहीण डोंबिवलीला पूर्वेकडे राहते. तिच्या घरी आलेला पाहुणा हात धुवायला आत गेला की वाटेत भाच्याची खोली लागते, आणि त्या खोलीच्या भिंतीवर त्याला एक भला मोठा वंशवृक्ष दिसतो. पाहुण्याला वाटते, घरात कुलवृत्तान्ताचे काम चालले आहे. तो चष्मा पुसतो आणि आपली शाखा शोधू लागतो. पण तिथे कानवाल्ड, नील्सन, डॉप्लर आणि टीडमान अशी चार घराणी निघतात. आणि त्यांतल्या एका बाईपासून निघालेली रेघ तिच्या मुलीपर्यंत जाऊन पुन्हा उलटी तिच्याकडेच आलेली असते.

"ही रेघ चुकली वाटतं," पाहुणा म्हणतो.

"नाही काका, बरोबर आहे. ती मुलगीच तिची आई आहे," भाचा शांतपणे सांगतो.

ही चारही घराणी जर्मनीतल्या विंडेन नावाच्या कल्पित गावची. बारान बो ओदार आणि यान्त्ये फ्रीझे या दोघांनी रचलेली 'डार्क' ही मालिका नेटफ्लिक्सवर १ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि तीन पर्वे, एकूण २६ भाग होऊन २७ जून २०२० रोजी पुरी झाली. (ज्यांनी ती पाहिलेली नाही आणि पाहायची आहे त्यांनी इथूनच पान उलटून पाककृतींकडे वळावे, पुढे शेवट फोडलेला आहे.) गावाजवळ अणुवीज केंद्र, त्याच्या आसपास जंगल, जंगलात गुहा आणि गुहेत एक वाट. त्या वाटेने गेलेला माणूस बरोबर तेहतीस वर्षे मागे किंवा पुढे निघतो. २०१९ सालातला मिकेल नावाचा पोरगा असाच १९८६ सालात जाऊन पडतो, तिथेच वाढतो, लग्न करतो. आणि त्याचा मुलगा योनास मोठा होऊन त्याच मिकेलच्या बहिणीच्या प्रेमात पडतो. म्हणजे सख्ख्या आत्याच्या! आपल्याकडे आत्याची मुलगी काही घरांतून चालते, पण खुद्द आत्या चालल्याचे कुणी ऐकले नसेल.

आता अशी गोष्ट पाहून माणूस स्वस्थ झोपेल कसा? त्याला शंका येतात. शंका आल्या की तो उत्तरे जुळवू लागतो, आणि पुढल्या पर्वाला वर्ष-दीड वर्ष अवकाश असला की त्या उत्तरांचे रीतसर शास्त्र बनते. हल्लीची मुले त्याला 'थिअरी' म्हणतात. आपण तर्क म्हणू.

भाच्याच्या कंपूचे हे शास्त्र मुख्यतः लोकलच्या डब्यात वाढले. त्या काळी जलद गाड्या १९१६ सालच्या पारसिकच्या बोगद्यातून जात; २०२२ मध्ये नवे रूळ झाले आणि लोकलची वाट बदलली. मालिकेतली माणसे गुहेतून काळ ओलांडत आणि ही मंडळी बोगद्यातून ठाणे गाठत. बोगद्यात शिरताना एकाने सुरू केलेला तर्क बाहेर पडेपर्यंत दुसऱ्याने मोडलेला असे. ठाण्याला गर्दीचा लोंढा आत शिरला की सभा तहकूब. संध्याकाळी घरी आल्यावर तो तर्क तारीख आणि तर्ककर्त्याचे नाव घालून एका दोनशे पानी वहीत लिहिला जाई. ती वही मी पाहिली आहे. चुकलेल्या तर्कावर तांबडी फुली, खऱ्या ठरलेल्यावर हिरवी खूण. तांबड्याचे राज्य मोठे आहे, हे सांगायला नकोच.

पण चुकीतही किती नमुने! पहिले पर्व संपल्यावर एकाने ठामपणे मांडले होते की बार्टोश नावाचा कॉलेजकुमार म्हातारपणी नोहा नावाचा पाद्री होतो. पुढे कळले की बार्टोश नोहा होत नाही. तो नोहाचा बाप असतो. तर्क चुकला, पण फक्त एका पिढीने! यावर फुली मारावी की खूण, यावरून कंपूत आठ दिवस अबोला होता.

सर्वांत देखणा तर्क मात्र माझ्या भाचेसुनेचा. ती ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवते. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी दुसरे एक जग असल्याचे दिसते, तेव्हा सगळे त्या दोन जगांची मोजदाद करीत बसले. ही म्हणाली, "गुहेतल्या दारावर जी गाठ कोरली आहे, तिला तीन पाकळ्या आहेत. दोनच जगं असती, तर तिसरी पाकळी कशाला कोरली असती?" एवढ्याशा नक्षीवरून तिने तिसरे जग मांडले आणि वर्षभराने ते निघाले. वहीतल्या त्या पानावर हिरवी खूण आहे, आणि तिच्या कडेने कुणीतरी हळदीकुंकूही लावले आहे.

हळदीकुंकू कुणी लावले असेल याचा मला अंदाज आहे. बहिणीच्या सासूबाई, घरातल्या सर्वांच्या आजी, या वयातही हातात वाती घेऊन मुलांच्या चर्चा ऐकत बसतात. मालिका तेहतीस वर्षांचेच अंतर का घेते, यावर मुले बायबलपासून अणुशास्त्रापर्यंत सगळीकडे हिंडून आली. आजी म्हणाल्या, "तेहतीस? मग अधिकाचं वाण आहे ते."

मुले हसली. सूनबाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद ओढला. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दर साल अकराएक दिवसांचा फरक. तेहतीस वर्षांत तो साठत साठत जवळजवळ एक अख्खे चांद्रवर्ष होतो आणि चंद्र-सूर्याचा हिशेब पुन्हा जुळतो. मालिकेतही चंद्र-सूर्याच्या फेऱ्यांचेच कारण दिले आहे. आपल्या पंचांगकर्त्यांनी तेहतीस वर्षे थांबण्याऐवजी साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालून फरक तिथल्या तिथे मिटवला. आणि त्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे द्यायची चाल पडली. दोन्हीकडे मूळ दुखणे एकच, चंद्र आणि सूर्य यांचे न पटण्याचे. जर्मनांनी त्याच्यावर मालिका काढली, आम्ही अनारसे तळले. आजींचा तर्क वहीत गेला.

मला यात नवल वाटले नाही, कारण हा उद्योग आपल्याला नवा नाहीच. देवळात पुराण सांगणाऱ्या बुवांना श्रोते हेच विचारीत. भागवतात रैवत राजा आपल्या रेवतीला घेऊन, हिला वर कोण योग्य हे विचारायला ब्रह्मलोकी जातो. तिथे गायन चालले होते म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटून जातात. मनात योजलेले वर तर गेलेच, त्यांचे पणतूही उरलेले नसतात. म्हणून शेवटी रेवती बलरामाला द्यावी लागते. आणि एकच कथा दोन पुराणांत दोन तऱ्हांनी आली, तर बुवांच्या भात्यात एक रामबाण असे: कल्पभेद! ती त्या कल्पात घडली, ही या कल्पात. दोन्ही खऱ्या. आजच्या मुलांची 'समांतर जगे' म्हणजे कल्पभेदच, फक्त त्याला दक्षिणा नाही.

कल्पभेदाची खरी गरज पडते ती 'डार्क'ला नव्हे. तिथे रचणाऱ्यांनी तीन पर्वांतच गाठ सोडवून दिली. गरज पडते ती 'डॉक्टर हू'ला. बी. बी. सी.ची ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. तिचा पहिला भाग दिग्दर्शित करणारे वारिस हुसेन लखनौला जन्मलेले, हे आमच्या कंपूला फार अभिमानाचे आहे. १९६६ साली नायकाचे काम करणाऱ्या विल्यम हार्टनेलची प्रकृती साथ देईना, तेव्हा युक्ती काढली, की हा काळातून फिरणारा डॉक्टर मरणाच्या दारी आला म्हणजे देह पालटतो. वासांसि जीर्णानि म्हणावे तसेच! मालिकेला अमरपट्टा मिळाला. पण साठ वर्षांत लेखक पालटले, निर्माते पालटले, मधली सोळा वर्षे ती जवळजवळ बंदच होती; मग एकाचे लिहिलेले दुसऱ्याशी जुळणार कसे? जुळवले ते प्रेक्षकांनी.

१९७६ च्या जानेवारीत एका भागात मनोयुद्धाच्या प्रसंगी डॉक्टरच्या आधीच्या चेहऱ्यांपाठोपाठ आठ अनोळखी चेहरे पडद्यावर झळकून गेले. ते मालिकेच्या मागे काम करणाऱ्या मंडळींचेच होते, वेष चढवून काढलेले. ते चेहरे कुणाचे? पहिल्याच्याही आधीच्या डॉक्टरांचे, की शत्रूचे? या एका प्रश्नावर लोक ४४ वर्षे भांडले. मार्च २०२० मध्ये मालिकेने डॉक्टरला विस्मृतीत गेलेले पूर्वजन्म होते असे सांगून टाकले, तेव्हा पहिला पक्ष म्हातारा होऊन जिंकला. त्याच १९७६ साली असेही ठरवून बसले होते की देह बाराच वेळा पालटता येतो. तेव्हा नायक चौथाच होता. बारा म्हणजे कोण जाणे कधी! २०१३ च्या नाताळात ती मर्यादा येऊन ठेपली आणि बोळवण करायला नवे वरदान आणावे लागले. मधल्या काळात कोणता पालट मोजायचा आणि कोणता नाही, याचे जे हिशेब प्रेक्षकांनी मांडले, ते पाहून आमच्या प्राप्तिकराच्या सल्लागारांनी कानाला हात लावावा.

आपल्या मराठी मालिकांवर असे तर्क का चालत नाहीत, असे मी भाच्याला विचारले. तो म्हणाला, चालतात की! 'रात्रीस खेळ चाले' २०१६ साली लागली तेव्हा आकेरीच्या त्या वाड्यावरून डब्याडब्यांत वाद झाले. दुसरे पर्व २०१९ साली आले ते तर मागल्या काळात गेले. अण्णा मरणार हे सर्वांना ठाऊक असताना तो जिवंत असतानाची गोष्ट. मात्र रोज रात्री लागणाऱ्या गोष्टीवर तर्क करणे जोखमीचे. लोकांना एखादे पात्र आवडले की ते मरता मरत नाही, आणि मग दारावरच्या पाकळ्या मोजून उपयोग नसतो.

माझे स्वतःचे मत विचाराल तर या प्रकारातली मराठीतली खरी कमाई जयंत नारळीकरांची. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या त्यांच्या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी निसटून जाते, एवढाच फरक. आणि तेवढ्यावरून पानिपत आणि त्यापुढला सारा इतिहास वेगळा होतो. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले, तेव्हा भाच्याने ती गोष्ट घरात मोठ्याने वाचली.

गोळी निसटली असती तर! हा प्रश्न पानिपतापुरता राहत नाही. 'डार्क'चे शेवटचे पर्व आले तो दिवस, २७ जून २०२०, हाच गोष्टीतल्या जगाच्या अंताचा दिवस होता. तेव्हा सामान्य माणसाला लोकल बंद होती. जुलैच्या आरंभी ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी आली. बहिणीच्या शेजारच्या काकूंचे यजमान त्याआधीच, मे महिन्यात गेले होते. अत्यावश्यक सेवेत असल्यामुळे ते रोज कामावर जात. एका सकाळी कणकण वाटत होती, काकू राहा म्हणाल्या, ते राहिले नाहीत.

त्या साली अधिक आश्विन होता. आजींनी अनारसे केले आणि भाचा डबा घेऊन शेजारी गेला. मुलांच्या चर्चा काकूंच्या कानांवर भिंतीतून पडतच असत. त्यांनी दारातच विचारले, "तुमच्या त्या गोष्टीत शेवटी बदलता येतं का रे काही?"

ज्या मुलाला चारही घराण्यांचा वंशवृक्ष तोंडपाठ, त्याला उत्तर सुचेना. तो म्हणाला, "काकू, तुम्हीच बघा." आणि मग रोज रात्री एक भाग, तोंडावर पट्टी बांधून, दार-खिडक्या उघड्या टाकून, काकू बहिणीच्या बैठकीत 'डार्क' पाहू लागल्या. मला हे कळले तेव्हा थोडी धास्तीच वाटली. दुःखी माणसाला दाखवायची ती गोष्ट नव्हे, असे मी बहिणीला फोनवर बोललोही. ती म्हणाली, "तिला आम्ही बोलावलं नाही, ती आली."

शेवट असा आहे. एका घड्याळजीचा मुलगा, सून आणि नात मोटारीच्या अपघातात जातात. त्यांना परत आणण्यासाठी तो यंत्र बांधतो, आणि त्या यंत्रापायी एका जगाची दोन जगे होऊन त्यांची गाठ बसते. योनास आणि मार्था गाठीत कितीही फिरले तरी काही बदलत नाही. शेवटी ती दोघे मूळच्या तिसऱ्या जगात जातात आणि पुलाच्या वाटेवर ती मोटार थांबवतात. अपघात होत नाही, यंत्र होत नाही. आणि यंत्र नाही म्हणून ही दोघे आणि त्यांची दोन्ही जगेही नाहीत. हळूहळू विरून जातात.

भाग संपल्यावर कुणी बोलले नाही. काकूंनी उठताना एवढेच विचारले, "त्या मोटारीतल्या माणसांना कळतं का, की आपण वाचलो ते?"

"नाही," सूनबाई म्हणाल्या.

"बरं," असे म्हणून काकू घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या, आणि पहिल्या पर्वापासून लावायला सांगितले. या खेपेला वही मागून घेतली.

आता त्या कंपूतल्या जुन्या सभासद आहेत. ३१ मे २०२५ च्या भागात 'डॉक्टर हू'च्या नायकाने देह पालटला, आणि समोर आली ती बिली पायपर. २००५ साली डॉक्टरची सोबतीण रोझ झालेली तीच नटी. श्रेयनामावलीत तिचे नाव आले, पण ती डॉक्टरच आहे असे काही लिहिले नव्हते. मग ती कोण? भाच्याचे यावर तीन तर्क आहेत, आणि तिन्ही एकमेकांना खाणारे. काकूंचा एकच. पीटर कपाल्डी डॉक्टर झाला, तेव्हा त्याला चेहरा मिळाला होता तो पूर्वी पॉम्पेईच्या ज्वालामुखीतून डॉक्टरने वाचवलेल्या माणसाचा, आणि तसे मालिकेने २०१५ साली स्पष्ट सांगितलेही. तेव्हा हा चेहराही फुकट आलेला नाही, असे काकूंचे म्हणणे; ज्याला कुणाला वाचवायचे राहून गेले, त्याची आठवण द्यायला तो आला आहे.

भाचा म्हणतो, याला पुरावा एकाच प्रसंगाचा आहे. सूनबाईंनी मात्र तारीख घालून तो तर्क लिहून ठेवला आहे. पुढे खुणेपुरती जागा मोकळी सोडून.