यमुनेतला थंड डाग

दिवाळीच्या दिवसांत मध्यरात्री दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिले, तर मृगाच्या पायाशी सुरू होणारा यमुना तारकासमूह समोर असतो. त्यातल्या एका डागाच्या मागे मी बरीच वर्षे आहे. डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. तो दिसतो सूक्ष्मलहरींच्या नकाशात.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश आज २.७२५ केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरी होऊन सर्व दिशांनी येतो. त्याच्या तापमानातले चढउतार लाखात एक भागाएवढे. २००४ मध्ये डब्ल्यूमॅप यानाच्या नोंदींत यमुनेतला सुमारे १० अंश रुंदीचा भाग सरासरीपेक्षा ७० मायक्रोकेल्विनने थंड आढळला. उपकरणाचा दोष म्हणावा, तर प्लँक या निराळ्या यानालाही तो दिसला. त्या दिशेला दीर्घिका विरळ असलेली एक प्रचंड पोकळी आहे खरी, पण तिच्यामुळे डागाचा थोडाच भाग उलगडतो.

दुसरी विसंगती अधिक गंभीर आहे. आकाशाच्या एका अर्ध्या भागातले चढउतार दुसऱ्या अर्ध्यापेक्षा ठळक आहेत. हे खरे ठरले, तर विश्व मोठ्या प्रमाणावर सर्व दिशांना सारखे आहे, हे गृहीतकच डळमळेल. आणि विश्वाचे वय आपण त्याच्याच आधारे काढतो.

मग शोध जाहीर का होत नाही? डब्ल्यूमॅपच्या नकाशात स्टीफन हॉकिंग यांची इंग्रजी आद्याक्षरेही दिसतात! त्या शास्त्रज्ञांनीच ती दाखवून दिली. योगायोगाने नेमकी तीच अक्षरे, त्याच जागी उमटण्याची शक्यता नगण्य. पण ती तिथे असतील असे आधी कोणी म्हटले नव्हते. आधी पाहायचे आणि मग पाहिलेल्याची दुर्मीळता मोजायची, यात आकडा फुगणारच. शिवाय सर्वांत विस्तृत चढउतारांबद्दल, ज्यांना चतुर्ध्रुव म्हणतात, आकाश फक्त ५ स्वतंत्र आकडे देते. नाणे पाचदाच उडवून ते खोटे कसे ठरवणार? आणि ताडून पाहायला दुसरे विश्व नाही.

बहुतेक विसंगती २ ते ३ सिग्मांच्या आहेत. कणभौतिकीत शोधासाठी ५ सिग्मा लागतात. डाग योगायोग ठरला तर मला नवल वाटणार नाही. अर्ध्या आकाशाचा फरक मात्र मी इतक्या सहज सोडणार नाही. त्याची कसोटी याच प्रकाशाच्या ध्रुवीकरणात आहे. प्लँकच्या नोंदी त्यासाठी पुरेशा स्वच्छ नव्हत्या, पण तिथे काय दिसायला हवे याचे अंदाज मोजणीआधीच मांडून झाले आहेत.