न बुडालेल्या कंपनीची गोष्ट

सिडनीतल्या वेस्टमीडच्या मोठ्या इस्पितळाच्या दारातून ट्राम सुटते. डिसेंबर 2024 पासून ती सुरू झाली आणि आमच्या या उपनगरातल्या भारतीय आजी-आजोबांना नवा विरंगुळा मिळाला. पॅरामाटा मागे टाकून ती रोझहिलच्या रेसकोर्सपाशी येते आणि नदी ओलांडून कार्लिंगफर्डकडे वळते. नदीच्या जरा अलीकडे, जुन्या रेल्वेच्याच मार्गावर, कॅमेलिया नावाचं स्टेशन होतं. 2020 च्या जानेवारीत ते बंद झालं. नव्या ट्रामला तिथे थांबा नाही. एके काळी सकाळच्या गाडीनं तिथे शेकडो कामगार उतरत, जेम्स हार्डी कंपनीच्या कारखान्यात जायला.

हार्डी हे नाव इथे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याकडे जसे सिमेंटचे पत्रे, तसं इथे ‘फायब्रो’. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू कालवून केलेला सपाट पत्रा लाकडी सांगाड्यावर ठोकला की भिंत उभी राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, विटा महाग होत्या. सिडनीचा पश्चिम भाग या पत्र्यांनीच वसला. गरीब वस्तीला ‘फायब्रो’ हे विशेषणच चिकटलं. रग्बी लीगमध्ये पश्चिमेकडच्या वेस्ट्स संघाला ‘फायब्रो’ आणि समुद्राकाठच्या श्रीमंत मॅनलीला ‘सिल्व्हरटेल’ म्हणायचे, ते यावरूनच.

कॅमेलियाचा कारखाना 1917 च्या सुमाराचा. तिथल्या उष्णतारोधक विभागातली माणसं पाळी संपताना पिठाच्या गिरणीतून बाहेर आल्यासारखी पांढरीफटक दिसायची. ही धूळ नवऱ्याच्या कपड्यांतून घरी जायची आणि कपडे धुणाऱ्या बायकोच्या छातीत उतरायची. खनिज ज्या गोणपाटात येई, त्या रिकाम्या गोण्या लोक गालिच्याखाली अंथरायला नेत. कारखान्याचा टाकाऊ माल आसपासच्या जमिनींवर भराव म्हणून पडला. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, धूळ नाकात गेल्यावर साधारण तीस-चाळीस वर्षांनी उगवतो. हार्डीनं 1987 पर्यंत ॲस्बेस्टॉस वापरणं थांबवलं आणि 2003 च्या अखेरीस देशानं त्यावर पूर्ण बंदी घातली, तरी आजही दर वर्षी सातशेच्या आसपास ऑस्ट्रेलियनांना हा रोग सापडतो.

मग भरपाई द्यायची कुणी? अमेरिकेत या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर आहे, दिवाळं. जॉन्स-मॅनव्हिल या तिथल्या सर्वांत मोठ्या ॲस्बेस्टॉस कंपनीनं 1982 च्या ऑगस्टमध्ये धंदा नीट चालू असताना दिवाळखोरीचा अर्ज टाकला. त्यातून एक विश्वस्त निधी उभा राहिला आणि रोगी त्याच्या दारात रांगेत उभे राहिले. हार्डीनं मात्र दिवाळं काढलं नाही. कंपनीच्या डोक्यात त्याहून नाजूक युक्ती होती. घरात भांडण झालं की आपल्याकडे वाटणी होते आणि म्हाताऱ्या आईला कर्जासकट धाकट्याच्या गळ्यात बांधतात, तसाच हा प्रकार.

2001 च्या फेब्रुवारीत हार्डीनं पूर्वी ॲस्बेस्टॉसचा माल बनवणाऱ्या दोन उपकंपन्या मूळ कंपनीपासून तोडल्या आणि एका प्रतिष्ठानच्या ताब्यात दिल्या. सोबत 29.3 कोटी डॉलर. त्यांची नावं आधीच बदलून झाली होती. ब्रेक बनवणारी कंपनी पूर्वी हार्डी-फेरोडो होती, मग ती ‘जेसेकार्ब’ झाली. इंग्रजी अक्षरं उलटी वाचली तर ‘ब्रेक्स’ आणि शेवटी हार्डीचा ‘जे’ निघतो. पुढे तीच ‘अमाबा’ झाली आणि मोठी पत्र्यांची कंपनी ‘अमाका’. मरणाच्या दाराशी आलेला माणूस ज्याच्यावर दावा लावणार, त्या नावाला कसलीच ओळख उरली नव्हती. मूळ कंपनी त्याच वर्षी नेदरलँड्सला गेली. जाताना मागे राहिलेल्या कंपनीला 190 कोटी डॉलर मागवता येतील असे अर्धवट भरणा झालेले समभाग ठेवले होते. 2003 मध्ये तेही गुपचूप रद्द झाले.

निधी पुरेसा आहे, असं शेअर बाजाराला ठासून सांगितलेलं होतं. पण दोन-तीन वर्षांतच त्याचा तळ दिसू लागला. 2004 मध्ये डेव्हिड जॅक्सन यांच्या चौकशी आयोगापुढे देणी दीडशे कोटी डॉलरहून अधिक निघाली.

बर्नी बँटन हे नाव याच काळात घरोघरी पोचलं. कॅमेलियात काम केलेला हा माणूस नाकात नळी आणि पाठीशी प्राणवायूची टाकी घेऊन मोर्च्यांच्या पुढे चालायचा. कामगार संघटनांनी हार्डीच्या मालावर बहिष्काराची धमकी दिली, राज्य सरकार मध्ये पडलं आणि 2006 च्या अखेरीस करार झाला. 2007 च्या निवडणुकीत तेव्हाचे आरोग्यमंत्री टोनी ॲबट यांनी बँटनबद्दल तोंड सोडलं आणि नंतर माफी मागितली. केव्हिन रड जिंकले, त्यांनी विजयाच्या भाषणात बँटनचं नाव घेतलं. त्यानंतर तीन दिवसांनी, 27 नोव्हेंबरला, बँटन गेले.

एवढी गोष्ट इथे सगळे सांगतात. तिच्यामागची अपिलांची गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही आणि मला तीच अधिक महत्त्वाची वाटते.

पहिलं अपील संचालकांचं. निधी पुरेसा असल्याचं ते निवेदन 15 फेब्रुवारी 2001 च्या बैठकीत संचालक मंडळानं मंजूर केलं होतं का, एवढाच प्रश्न. बैठकीच्या इतिवृत्तात मंजुरीची नोंद होती आणि पुढच्या बैठकीत ते इतिवृत्त कायमही झालं होतं. सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहिलेल्या कुणाही मराठी माणसाला ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय क्रमांक एक पाठ असतो. हात वर होतात, वाचतं कुणीच नाही. हार्डीचे संचालकही काही वर्षांनी म्हणू लागले की ते निवेदन आमच्यापुढे आलंच नव्हतं. नियामक संस्थेनं खटला भरला, खालच्या न्यायालयात ती जिंकली. 2010 च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयानं सात बिगर-कार्यकारी संचालकांना सोडलं. बैठकीला हजर असलेल्या कंपनीच्या वकिलाची साक्ष नियामकांनी का घेतली नाही, असा त्या न्यायालयाचा आक्षेप होता. 3 मे 2012 रोजी इथल्या सर्वोच्च, म्हणजे ‘हाय’, न्यायालयानं तो निकाल फिरवला. स्वतः कायम केलेलं इतिवृत्त हाच पुरावा ठरला, एक साक्षीदार आला नाही म्हणून त्याचं वजन घटत नाही. (या देशात ‘हाय कोर्ट’ म्हणजे सर्वांत वरचं आणि ‘सुप्रीम कोर्ट’ राज्याचं. नवख्या मराठी माणसाचा इथे हमखास घोटाळा होतो.) शेवटी संचालकपदावरच्या बंदीची वर्षं कमी झाली, दंडही माफक राहिला. तरी इथले मोठमोठे संचालक आता इतिवृत्त वाचून सही करतात, असं वकील मंडळी हसत सांगतात.

दुसरी अपिलं रोग्यांची. न्यू साउथ वेल्समध्ये 1989 पासून धुळीच्या रोगांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरण आहे. रोग चाळीस वर्षांनी दिसतो, म्हणून इथे दाव्याला मुदतीचं बंधन नाही. रोगी हालू शकत नसेल तर न्यायाधीश त्याच्या खाटेपाशी जाऊन साक्ष घेतात. मृत्यूपूर्वी दावा दाखल झाला असेल, तर भोगलेल्या यातनांची भरपाई वारसांना मिळते. म्हणून वकील घड्याळाकडे बघत पळतात. एका खटल्यात ॲस्बेस्टॉसबद्दल जे सिद्ध झालं, ते दुसऱ्यात पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावं लागू नये, अशीही सोय आहे. या न्यायाधिकरणाच्या निकालावर मुख्यतः कायद्याच्या मुद्द्यावरच अपील होतं. धुळीच्या रोगांचे हाय कोर्टापर्यंत पोचलेले दोन खटले, एक या न्यायाधिकरणातून आलेला आणि दुसरा पश्चिम ऑस्ट्रेलियातून, दोन दिशांना गेले.

एकात मोटार मेकॅनिक होता, तीस वर्षं ब्रेकचे अस्तर घासणारा. कंपनीचं म्हणणं, आकडेवारी पाहता मेकॅनिकांना हा रोग जास्त होत नाही, शिवाय लहानपणी यानं बापाच्या घरकामातही फायब्रोची धूळ खाल्ली होती. डॉक्टरांचं म्हणणं, छातीत गेलेला तंतू कुठल्या कारखान्याचा हे विचारत नाही, प्रत्येक धुळीचा वाटा जमा होतो. 14 डिसेंबर 2011 रोजी हाय कोर्टानं मेकॅनिकच्या बाजूनं निकाल दिला आणि अमाका-अमाबाचं अपील फेटाळलं. त्याआधी, 2010 च्या मार्चमध्ये, त्याच कोर्टानं एकाला परत पाठवलं होतं. तो दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढणारा, ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या नळांशी काम केलेला, आणि फुप्फुसाच्या कर्करोगानं गेलेला माणूस. तंबाखूनं झालं की धुळीनं, हे ‘अधिक शक्य’ बाजूला झुकलं नाही. खालच्या दोन्ही न्यायालयांत जिंकलेला त्याच्या कुटुंबाचा दावा तिथे पडला. कायद्याच्या तराजूत तंबाखूचं पारडं जड, हे समजतं. तरी कारखानदारालाही हेच गणित सोयीचं पडतं, हेही दिसतं.

अमाका-अमाबा कागदोपत्री अजून मिटण्याच्या वाटेवर आहेत, 2005 च्या खास कायद्यानं आणि राज्याच्या देखरेखीखाली. पण दावे येत राहतात तोवर त्यांना मिटता येणार नाही. 2006 च्या त्या करारानुसार पैसे देते मूळ कंपनी, दर वर्षी, रोख कमाईच्या 35 टक्क्यांच्या मर्यादेत, तब्बल चाळीस वर्षांपर्यंत. मला इथे खरी मेख दिसते. हार्डीचा बहुतेक नफा आता अमेरिकेत, घरांच्या बाहेरच्या भिंतींना लावायच्या फळ्या विकून होतो. 2008 नंतर तिथलं घरबांधणीचं दुकान बसलं, तेव्हा भरपाईच्या निधीत येणारा ओघ आटला आणि न्यू साउथ वेल्स सरकारला 32 कोटी डॉलरपर्यंत कर्जाची सोय करून द्यावी लागली. म्हणजे पॅरामाटाच्या इस्पितळातल्या रोग्याचा चेक टेक्सासमधला माणूस नवं घर बांधतो का यावर अवलंबून. ज्यांच्या छातीत या कंपनीची धूळ आहे, त्यांनाच ती कंपनी जोमात चालावी अशी प्रार्थना करावी लागते. हार्डी आयर्लंडची झाली, 2025 मध्ये तिनं अमेरिकेतली एझेक ही मोठी कंपनी विकत घेतली. ही बातमी शेअर बाजाराच्या पानावर आली. धुळीचे रोगी ती वेगळ्या कारणानं वाचत असणार.

फेरोडो हे नाव मराठी वाचकाला घाटकोपरची आठवण देईल. लालबहादूर शास्त्री मार्गावरची हिंदुस्थान फेरोडो आणि सिडनीची हार्डी-फेरोडो, दोघींचं मूळ विलायतेतल्या टर्नर अँड न्यूऑलकडे. घाटकोपरच्या कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली, 2005 मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. 181 जणांत पाचांत एकाहून अधिकांना ॲस्बेस्टॉसिस होता. तोवर टर्नर अँड न्यूऑल विकत घेणारी अमेरिकी फेडरल-मोगल 1 ऑक्टोबर 2001 रोजी दिवाळखोरीत गेली होती. घाटकोपरच्या काही कामगारांचे दावे तिच्या दिवाळ्यातून उरलेल्या निधीकडे गेले, समुद्र ओलांडून, इंग्रजी अर्जांवर. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ॲस्बेस्टॉस कामगारांचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरवला होता. पत्र्यांचे कारखाने मात्र भारतात चालूच राहिले, ॲस्बेस्टॉसचा पुरवठाही.

आमच्या गल्लीत परवा शेजारच्या म्हाताऱ्यानं मागच्या अंगणातलं फायब्रोचं गॅरेज पाडलं. दहा चौरस मीटरहून अधिक पत्रा असला तर परवानाधारक माणसंच लागतात. पांढरे अंगरखे, तोंडावर मुखवटे घालून दोघं आले. पत्रे ओले करून, न तोडता, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी ट्रकवर चढवले. मी कुंपणापलीकडून बघत होतो, खिडक्या बंद करून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नव्या भिंतींसाठी फळ्यांचा गठ्ठा आला. वर हार्डीचं नाव छापलं होतं. म्हाताऱ्यानं पावतीवर सही केली आणि मला म्हणाला, पाऊस यायच्या आत ताडपत्री टाकायला हात लावाल का जरा.