बोलायचे, पण सापडायचे नाही : रणांगणावरील संदेशवहनाचे तंत्र

सैन्याची ताकद मोजताना तोफा, रणगाडे, विमाने आणि सैनिक यांची संख्या मांडली जाते. परंतु ही सारी ताकद एका वेळी आणि एका हेतूने वापरायची, तर सेनापतीचा आदेश तुकड्यांपर्यंत आणि तुकड्यांना दिसलेली परिस्थिती सेनापतीपर्यंत वेळेत पोचावी लागते. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत हे काम मुख्यतः रेडिओलहरींकडे आले. या लहरींना तार लागत नाही आणि त्या चहूकडे पसरतात, हा त्यांचा मोठा गुण; दोषही नेमका हाच, कारण चहूकडे पसरणारी लहर आपल्या तुकडीइतकीच शत्रूलाही ऐकू येते. लष्करी संदेशवहनाचे बहुतेक तंत्रज्ञान या एका अडचणीतून वाट काढता काढता घडले आहे, आणि त्या अडचणीचे पूर्ण निरसन अजून कोणत्याही सैन्याला साधलेले नाही.

बिनतारी संदेशांचा लाभ आणि धोका या दोहोंची प्रचीती पहिल्या महायुद्धाच्या आरंभीच आली. ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात शिरलेल्या रशियन सैन्यांकडे तारांचे जाळे अपुरे होते आणि सांकेतिक लिपी हाताळणारी प्रशिक्षित माणसेही थोडी होती, त्यामुळे त्यांचे अनेक आदेश बिनतारी यंत्रावरून उघड भाषेत पाठवले गेले. जर्मन केंद्रांनी ते टिपले, दोन रशियन सैन्ये एकमेकांच्या मदतीला वेळेवर पोचणार नाहीत हे जर्मन सेनापती हिंडेनबुर्ग आणि लुडेनडॉर्फ यांना कळले, आणि टॅननबर्गच्या लढाईत जनरल सामसोनोव्ह यांचे सैन्य वेढले जाऊन सुमारे ९० हजार सैनिक कैद झाले. त्याच युद्धात जर्मन सैन्याच्या बिनतारी विभागात काम केलेल्या हाइन्झ गुडेरियन यांनी पुढे प्रत्येक रणगाड्यात रेडिओ असावा असा आग्रह धरला. १९४० च्या मे महिन्यात फ्रान्सचे अनेक रणगाडे चिलखत आणि तोफ यांत जर्मन रणगाड्यांपेक्षा सरस होते, परंतु त्यांतील पुष्कळांत रेडिओच नव्हता. जर्मन रणगाडे मात्र एकमेकांशी आणि विमानांशी बोलत लढत होते, आणि त्या मोहिमेच्या वेगाचे एक प्रमुख कारण हे बोलणेच होते.

रेडिओलहर दर सेकंदाला जितकी आंदोलने करते त्या संख्येला वारंवारता म्हणतात, आणि रणांगणावर कोणत्या कामासाठी कोणती लहर वापरायची हे या वारंवारतेवर ठरते. ३ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी वातावरणाच्या वरच्या भागातील आयनांबर या विद्युतभारित थरावरून परावर्तित होतात, त्यामुळे उपग्रहाची मदत न घेता शेकडो ते हजारो किलोमीटर पल्ला गाठता येतो. पण हा थर दिवस-रात्र आणि सूर्याची स्थिती यांप्रमाणे बदलत असल्याने चालकाला वारंवारताही बदलत राहावी लागते. ३० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात, म्हणून पायदळाच्या तुकडीचा पाठीवरचा संच मधे डोंगर आला की मुका होतो, आणि पर्वतीय प्रदेशात शिखरांवर संदेश पुढे ढकलणारी केंद्रे उभारावी लागतात. याच्या दुसऱ्या टोकाला ३ ते ३० किलोहर्ट्झ इतक्या कमी वारंवारतेच्या लहरी आहेत, ज्या समुद्राच्या खाऱ्या पाण्यात काही मीटर ते काही दशमीटर खोल शिरू शकतात. बुडालेल्या पाणबुडीला आदेश देण्यासाठी भारतीय नौदलाचे ‘आयएनएस कट्टबोम्मन’ हे केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ याच पट्ट्यात काम करते. मात्र अशा लहरींवर फार थोडी माहिती संथपणे पाठवता येते आणि त्यांच्या प्रक्षेपणासाठी प्रचंड अँटेना लागत असल्याने पाणबुडीला ऐकता येते, पण त्याच मार्गाने उत्तर देता येत नाही.

शत्रूच्या लहरींचे काय करायचे याचे तीन प्रकार आहेत : त्या ऐकणे, त्यांचा उगम शोधणे आणि त्या बुजवणे. पहिल्यावर उपाय म्हणजे संदेश कूटबद्ध करणे, म्हणजे ठरावीक किल्ली असल्याशिवाय त्याचा अर्थ लागणार नाही असे त्याचे रूपांतर करणे. आजची कूटपद्धती नीट वापरली तर ती फोडणे जवळजवळ अशक्य असते. परंतु कूटबद्ध संदेशाचा केवळ आशय झाकला जातो, त्याचे अस्तित्व झाकले जात नाही. दोन किंवा अधिक ठिकाणी ठेवलेल्या दिशाशोधक यंत्रांनी एकाच लहरीची दिशा मोजली, की त्या रेषा जिथे छेदतात तिथे प्रक्षेपक असतो. एकाच जागेहून अनेक संच सतत बोलत असतील तर ते मुख्यालय असावे, असा अंदाज एकही शब्द न समजता बांधता येतो.

या शोधाची किंमत किती मोठी असते हे चेचन्याचे नेते जोखर दुदायेव यांच्या मृत्यूने दाखवले. २१ एप्रिल १९९६ रोजी ते उपग्रह-फोनवर बोलत असताना त्या फोनच्या लहरींचा माग काढून रशियाने क्षेपणास्त्रे डागली. पुढे हेच शस्त्र रशियावर उलटले : १ जानेवारी २०२३ च्या मध्यरात्री युक्रेनने माकिइव्का येथील रशियन सैनिकांच्या निवासावर अग्निबाण डागले, ८९ सैनिक मरण पावल्याचे रशियाच्या संरक्षण मंत्रालयाने मान्य केले, आणि बंदी असूनही सैनिकांनी मोबाइल वापरल्याने जागा उघड झाली असे कारण दिले. खिशातला फोन संभाषण चालू नसतानाही जवळच्या मनोऱ्याशी संपर्क राखून असतो, हे ज्ञान सामान्य माणसाला सोयीचे आणि सैनिकाला प्राणघातक ठरू शकते.

तिसरा प्रकार जॅमिंगचा. संदेशाच्याच वारंवारतेवर जोरदार गोंगाट सोडला की ग्राहकयंत्राला मूळ संदेश वेगळा काढता येत नाही. लहरीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे दूरच्या मित्रापेक्षा जवळचा जॅमर वरचढ ठरतो. पण जॅमर हाही एक जोरदार प्रक्षेपकच असल्याने तो सर्वांत आधी सापडतो.

या तिन्हींवर एकत्र तोड म्हणून वारंवारता सतत बदलत ठेवण्याची पद्धत रुजली. दोन्ही टोकांच्या संचांना उड्यांचा एकच गुप्त क्रम माहीत असतो, आणि तो माहीत नसणाऱ्याला लहरींचे केवळ विखुरलेले तुकडे मिळतात. मूळच्या व्हिएन्नाच्या असलेल्या हॉलिवूड अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना पाणतीर जॅमिंगपासून वाचवण्यासाठी अशा एका युक्तीचे अमेरिकी पेटंट १९४२ मध्ये मिळाले. स्वयंचलित पियानोच्या छिद्रपट्टीसारखी यंत्रणा दोन्ही टोकांना फिरवून ८८ वारंवारतांवर उड्या मारण्याची त्यांची कल्पना होती. अमेरिकी नौदलाने त्या युद्धात ती वापरली नाही. पण इलेक्ट्रॉनिक मंडले लहान आणि वेगवान झाल्यावर हेच तत्त्व लष्करी संचांचा पाया बनले. अमेरिकी सैन्याचा ‘सिन्कगार्स’ हा संच ३० ते ८८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील २,३२० वाहिन्यांमधून सेकंदाला १११ वेळा उडी मारतो. अशा उड्यांसाठी सर्व संचांची घड्याळे तंतोतंत जुळलेली असावी लागतात आणि ही वेळ पुष्कळदा जीपीएससारख्या उपग्रहांकडून घेतली जाते, त्यामुळे जीपीएसचे जॅमिंग दिशादर्शनाबरोबर संभाषणाचीही घडी विस्कटू शकते. याशिवाय संदेश साठवून क्षणार्धात एकदम सोडणे, गरजेपुरतीच शक्ती वापरणे, एकाच दिशेला झोत टाकणाऱ्या अँटेना लावणे आणि मुख्यालयापासून लांब अँटेना ठेवून तिच्यापर्यंत केबल ओढणे, हे उपायही रोजच्या वापरात आहेत.

उपग्रहांनी पल्ल्याचा प्रश्न सोडवला, पण नवे परावलंबन आणले. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असलेला भूस्थिर उपग्रह आकाशात एका जागी दिसतो, म्हणून त्याच्याकडे अँटेना एकदा रोखली की काम भागते. मात्र संदेशाला वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि असे उपग्रह मोजके असल्याने प्रत्येकाचे महत्त्व शत्रूलाही ठाऊक असते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले त्याच पहाटे ‘व्हायासॅट’ कंपनीच्या केए-सॅट सेवेवर सायबर हल्ला झाला. अवकाशातील उपग्रहाला धक्का न लावता जमिनीवरील हजारो मोडेम निकामी करण्यात आले, आणि त्याचा फटका जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांच्या दूरनियंत्रणालाही बसला. त्यानंतर काही दिवसांतच युक्रेनमध्ये ‘स्टारलिंक’चे संच पोचले. सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या हजारो लहान उपग्रहांच्या या जाळ्यात विलंब फार कमी असतो आणि एखादा उपग्रह गेल्याने सेवा बंद पडत नाही. पण हे जाळे एका खासगी कंपनीच्या मालकीचे आहे. क्रिमियातील सेवास्तोपोलपर्यंत सेवा सुरू करण्याची युक्रेनची विनंती आपण मान्य केली नव्हती, असे इलॉन मस्क यांनी २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केले. लढणाऱ्या सैन्याच्या संदेशवहनाची मर्यादा एका उद्योगपतीने ठरवावी, ही स्थिती प्रत्येक देशाला विचारात टाकणारी आहे.

भारताने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या उपग्रहांत शोधले. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून सोडलेला ‘जीसॅट-७’ हा नौदलासाठीचा पहिला समर्पित दळणवळण उपग्रह होय. डिसेंबर २०१८ मध्ये श्रीहरिकोट्याहून निघालेला ‘जीसॅट-७ए’ हवाई दलासाठी आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुमारे ४,४०० किलो वजनाचा ‘सीएमएस-०३’ हा नौदलाचा पुढचा उपग्रह भारतीय भूमीवरूनच प्रक्षेपित झाला. जमिनीवर हवाई दलाचे ‘एएफनेट’ हे प्रकाशीय तंतूंचे स्वतंत्र जाळे २०१० पासून कार्यरत आहे. सेनेत या कामाची जबाबदारी १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झालेल्या कोअर ऑफ सिग्नल्सची असून ‘तीव्र चौकस’ हे तिचे बोधवाक्य आहे. तिच्या अधिकाऱ्यांचे तांत्रिक शिक्षण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेल्या महू येथे होते, तर जवानांच्या प्रशिक्षणाची केंद्रे जबलपूर आणि गोव्यात पणजी येथे आहेत.

स्वावलंबनाचा मुद्दा साध्या रेडिओसंचालाही लागू पडतो. जुन्या संचात लहरीला आकार देण्याचे काम ठरावीक मंडले करीत, त्यामुळे पायदळाचा संच विमानाशी बोलू शकेलच असे नसे. सॉफ्टवेअर-आधारित रेडिओत हे काम संगणकीय आज्ञावलीकडे जाते, म्हणून तोच संच आज्ञावली बदलून वेगळ्या पट्ट्यात, वेगळ्या कूटपद्धतीने बोलू शकतो, आणि शेजारचे संच एकमेकांचे संदेश पुढे ढकलत स्वतःच जाळे विणू शकतात. याचा दुसरा अर्थ असा, की संचाची सुरक्षितता त्या आज्ञावलीवर अवलंबून असते, आणि ती परकीय पुरवठादाराने लिहिलेली असेल तर तिच्यात काय दडले आहे याची खात्री देता येत नाही. भारतात संरक्षण संशोधन आणि विकास संघटना व भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनी असे संच देशातच विकसित करण्यावर भर दिला, त्यामागे हेच कारण आहे. याच संघटनेने आयआयटी दिल्लीच्या साहाय्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज आणि विंध्याचल यांच्यात १०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या प्रकाशीय तंतूवर पुंजकीय किल्ली-वाटपाचे प्रात्यक्षिक केले. या पद्धतीत कूटकिल्ली प्रकाशकणांच्या अवस्थांतून पाठवली जाते आणि कोणी मधे ती मोजू पाहिली तर अवस्था बदलून चोरी उघडी पडते.

युक्रेनच्या युद्धाने मात्र या साऱ्या प्रगतीला एक अनपेक्षित वळण दिले. रेडिओवर चालणारे ड्रोन जॅमिंगने मोठ्या संख्येने निकामी होऊ लागले, तेव्हा २०२४ पासून दोन्ही बाजूंनी मागे बारीक काचतंतू सोडत उडणारे ड्रोन वापरात आणले. दहा-वीस किलोमीटर लांबीच्या या तंतूतून चित्र आणि आज्ञा प्रकाशाच्या रूपाने जातात, त्यामुळे ड्रोन जॅम होत नाही आणि लहरी नसल्याने त्याचा चालकही त्या मार्गाने सापडत नाही. त्याबदली तंतूच्या रिळाचे वजन वाहावे लागते आणि तो झाडाझुडपांत अडकून तुटण्याचा धोका राहतो. शंभर वर्षांपूर्वी खंदकांतून टेलिफोनच्या तारा ओढताना सैन्ये हाच व्यवहार करीत होती : हालचालीचे थोडे स्वातंत्र्य द्यायचे आणि मोबदल्यात गुप्तता घ्यायची.

या व्यवहारातून सुटका करणारे यंत्र नजीकच्या काळात मिळेल असे दिसत नाही, कारण प्रत्येक नव्या लहरीला ऐकणारे नवे यंत्रही लवकरच तयार होते. म्हणून संदेशवहनाचा विचार संचांच्या खरेदीपाशी थांबवून चालत नाही. तो सैन्याच्या आदेशपद्धतीपर्यंत न्यावा लागतो. ज्या सैन्यात लहानसहान निर्णयासाठीही वरची परवानगी लागते, ते जास्त बोलते, म्हणून लवकर सापडते आणि जोडणी तुटताच जागच्या जागी थांबते. याउलट वरिष्ठाचा हेतू कनिष्ठ अधिकाऱ्याला आधीच नीट समजला असेल आणि त्या मर्यादेत निर्णय घेण्याची मुभा त्याला असेल, तर तुकडी थोडक्या शब्दांत भागवू शकते आणि रेडिओ बंद पडला तरी लढत राहते. सरावाच्या वेळी संच मुद्दाम बंद करून तुकडीची परीक्षा घेणे हे यासाठीच आवश्यक आहे, आणि अशा परीक्षेत जी तुकडी उत्तीर्ण होते तिच्याच हाती महागडे संच देण्याचे खरे चीज होते.