मोकळ्या मैदानातील भाषा : मॅनिटोबाचा व्वायाजर महोत्सव

एखाद्या भाषिक समाजाच्या स्थितीचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी सामान्यतः तीन स्थळांकडे वळते : घर, शाळा आणि न्यायालय. घरात भाषा मुलांच्या ओठी येते, शाळेत ती अक्षररूप धारण करते, तर न्यायालयात व विधिमंडळात तिला अधिकार प्राप्त होतो. परंतु याखेरीज चौथेही एक स्थळ आहे व त्याची उपेक्षा बहुधा होते. ते स्थळ म्हणजे मोकळे मैदान व रस्ता. चारचौघांत, उघड्या आकाशाखाली, परक्याच्या कानी पडेल अशा स्वरात जी भाषा बोलली जाते, तिचे अस्तित्व नाकारणे कठीण होते. या विधानाची सत्यता पाहावयाची असल्यास कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग नगराच्या सँ-बॉनिफास विभागात, प्रतिवर्षी फेब्रुवारी महिन्यात भरणाऱ्या ‘फेस्तिव्हाल द्यू व्वायाजर’ या हिवाळी महोत्सवाचे उदाहरण बोधप्रद ठरेल.

‘व्वायाजर’ या फ्रेंच शब्दाचा सरळ अर्थ प्रवासी असा आहे. तथापि उत्तर अमेरिकेच्या इतिहासात त्यास विशिष्ट अर्थ प्राप्त झाला. बीव्हर नावाच्या प्राण्याच्या लोकरीपासून बनविलेल्या टोप्यांना युरोपात मोठी मागणी होती. ही कातडी मिळविण्यासाठी माँत्रेआलहून माल भरलेल्या होड्या नदी-सरोवरांच्या मार्गाने पश्चिमेकडे जात. त्या वल्हविणारे वेतनी कामकरी म्हणजेच व्वायाजर. त्यांतील बहुसंख्य सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरील फ्रेंचभाषी शेतकरी कुटुंबांतून आलेले असत. भूर्जाच्या सालीची त्यांची मोठी होडी सुमारे ३६ फूट लांब असून तीत कित्येक टन माल मावे. वल्ही मिनिटास चाळीस ते साठ वेळा पडत. जेथे धबधबा अथवा खडकाळ भाग लागे, तेथे होडी व माल खांद्यावरून वाहून न्यावा लागे. मालाचे प्रत्येक गाठोडे सुमारे ९० पौंडांचे असे, व कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधाराने एकेक माणूस अशी दोन गाठोडी पाठीवर घेत असे. अंतर मोजण्याचे त्यांचे परिमाणही कामातूनच उपजलेले होते. दोन विश्रांतींच्या दरम्यान, म्हणजे एका चिलमीपासून दुसऱ्या चिलमीपर्यंत, जितका प्रवास होई त्यास ते ‘एक चिलीम’ म्हणत.

वल्ह्यांचा ताल एक राहावा म्हणून हे लोक गात असत. श्रम व गीत यांचा असा संबंध जात्यावरील ओवी ऐकलेल्या मराठी वाचकास नवा वाटू नये. या गीतांपैकी अनेकांची मुळे फ्रान्समधील लोकगीतांत होती. अशा रीतीने फ्रेंच भाषा ग्रंथांच्या वा पाठशाळांच्या द्वारे नव्हे, तर श्रमिकांच्या मुखाने खंडाच्या अंतर्भागात पोहोचली. ती प्रथमपासूनच बाहेरच्या, मोकळ्या हवेतील भाषा होती, ही गोष्ट पुढील विवेचनात ध्यानी ठेवण्याजोगी आहे.

रेड व असिनिबॉइन या नद्यांच्या संगमाजवळ नॉर्थ वेस्ट कंपनीने १८०९–१० च्या सुमारास फोर्ट जिब्राल्टर नावाचे ठाणे उभारले. प्रतिस्पर्धी हडसन्स बे कंपनीच्या माणसांनी १८१६ मध्ये ते उद्ध्वस्त केले. पुढे १८२१ मध्ये दोन्ही कंपन्यांचे एकीकरण झाले. व्वायाजरांपैकी जे पश्चिमेत राहिले त्यांनी क्री, ओजिब्वे आदी मूळ जमातींतील स्त्रियांशी विवाह केले, व त्यांच्या संततीतून ‘मेती’ नावाचा स्वतंत्र समाज उदयास आला. गव्याची शिकार, वाळविलेले मांस व चरबी यांपासून तयार केलेले टिकाऊ ‘पेमिकन’, आणि सारंगीसारख्या व्हायोलिनवादनावर आधारलेले वेगवान पदन्यासाचे नृत्य ही या समाजाची वैशिष्ट्ये होत. १८१८ मध्ये नॉर्बेर प्रोव्हँशे हे कॅथलिक धर्मगुरू येथे आले व रेड नदीच्या पूर्वतीरावर त्यांनी स्थापिलेल्या धर्मपीठाभोवती सँ-बॉनिफासची वस्ती वाढली.

याच सँ-बॉनिफास परिसरात १८४४ मध्ये लुई रिएल यांचा जन्म झाला. कॅनडाने हा प्रदेश तेथील रहिवाशांस न विचारता आपल्या ताब्यात घेण्याचे ठरविले, तेव्हा १८६९–७० मध्ये रिएल यांच्या नेतृत्वाखाली मेती लोकांनी प्रतिकार केला. त्याचे फलित म्हणजे १८७० चा मॅनिटोबा कायदा. या कायद्याच्या तेविसाव्या कलमाने विधिमंडळात व न्यायालयांत फ्रेंच व इंग्रजी या दोन्ही भाषांच्या वापरास हमी दिली. परंतु त्यानंतर पूर्वेकडून इंग्रजीभाषी वसाहतकारांचा ओघ सुरू झाला आणि फ्रेंचभाषी अल्पसंख्य झाले. रिएल यांना १८८५ मध्ये फाशी देण्यात आली. १८९० मध्ये प्रांतिक विधिमंडळाने इंग्रजी ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा संमत केला. सँ-बॉनिफास येथील न्यायाधीशांनी १८९२ मध्ये व पुन्हा १९०९ मध्ये हा कायदा अवैध ठरविला. तथापि शासनाने त्या निर्णयांची दखलच घेतली नाही. १९१६ मध्ये द्विभाषिक शाळाही रद्द झाल्या. त्यानंतर कित्येक खेड्यांतील शिक्षिका फ्रेंच पाठ गुप्तपणे चालवीत, आणि शाळातपासनीस येताच मुले फ्रेंच पुस्तके दडवून इंग्रजी पुस्तके उघडीत. जी भाषा एके काळी नद्यांवर मोठ्याने गायिली जात होती, ती अशा रीतीने घर, देवालय व बाकाखालील कप्पा यांच्या चौकटीत कोंडली गेली.

या पार्श्वभूमीवर १९७० हे वर्ष महत्त्वाचे ठरते. मॅनिटोबा प्रांताच्या स्थापनेस त्या वर्षी शंभर वर्षे पूर्ण झाली, व त्याच वर्षी कायद्याने शाळांतून फ्रेंच माध्यमास पुन्हा पूर्ण मान्यता मिळाली. त्याच वर्षाच्या हिवाळ्यात सँ-बॉनिफास येथील फ्रेंचभाषी नागरिकांनी पहिला व्वायाजर महोत्सव भरविला. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, स्वतंत्र नगरपालिका असलेले सँ-बॉनिफास विनिपेग महानगरात विलीन झाले. नगराचे शासकीय अस्तित्व लोपत असतानाच त्याचा सांस्कृतिक उत्सव मूळ धरीत होता, हा योगायोग लक्षणीय आहे.

महोत्सवाचा काळ सुमारे दहा दिवसांचा असतो. फेब्रुवारीत विनिपेग येथे रात्रीचे तपमान शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जाणे नवलाचे नाही. अशा ऋतूत लोकांना घराबाहेर काढणे हेच उत्सवाचे पहिले साध्य होय. व्हिटियर उद्यानात १९७८ मध्ये फोर्ट जिब्राल्टरची प्रतिकृती उभारण्यात आली. मूळ ठाणे नदीच्या पश्चिमतीरावर होते, प्रतिकृती पूर्वतीरावर आहे. तिच्या लाकडी तटबंदीच्या आत लोहार, व्यापारी, सुतार यांची कामे त्या काळच्या वेशातील मंडळी करून दाखवितात. उद्यानात व रस्त्यांच्या कडेला दाबून घट्ट केलेल्या बर्फाच्या प्रचंड ठोकळ्यांतून शिल्पे कोरली जातात, व त्यासाठी देशोदेशीचे शिल्पकार येतात. व्हायोलिनवादन व पदन्यास-नृत्य यांच्या स्पर्धा होतात. पुरुष महिनोन्महिने दाढी राखून तिचीही स्पर्धा लावतात. स्वच्छ बर्फावर मेपलचा आटवलेला ऊन पाक ओतला जातो, आणि तो गोठू लागताच काडीभोवती गुंडाळून मुले खातात. सुक्या वाटाण्यांचे दाट सूप व मांसाची भरलेली ‘तूर्तिएर’ हे पदार्थ थंडीत उभ्याउभ्या खाल्ले जातात.

या सर्वांत ‘सँत्यूर फ्लेशे’ नामक पट्ट्याचा विशेष उल्लेख केला पाहिजे. बाणाच्या आकाराची नक्षी असलेला हा लोकरीचा लांब कंबरपट्टा मागाविना केवळ बोटांनी विणला जाई. त्याने अंगरखा घट्ट बांधला जाऊन थंडीपासून रक्षण होई व ओझे उचलताना कंबरेस आधार मिळे. क्वेबेकमधील लासॉम्प्सियों भागात तयार होणारा हा पट्टा व्यापाराबरोबर पश्चिमेत आला व मेती समाजाचे चिन्ह बनला. महोत्सवात तो बांधणाऱ्याची मातृभाषा कोणती हे कोणी विचारीत नाही.

असे असता यातील भाषेचा संबंध कोठे येतो, हा प्रश्न सयुक्तिक आहे. त्याचे उत्तर झॉर्ज फॉरे यांच्या उदाहरणात मिळते. विम्याचा व्यवसाय करणारे सँ-बॉनिफासचे हे नागरिक महोत्सवाच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी एक होते. १९७६ मध्ये त्यांना वाहन उभे करण्यासंबंधीच्या नियमभंगाची नोटीस केवळ इंग्रजीत मिळाली. दंड किरकोळ होता. परंतु त्यांनी १८७० च्या कायद्याचा आधार घेऊन तिच्या वैधतेस आव्हान दिले. ते प्रकरण कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले व १३ डिसेंबर १९७९ रोजी न्यायालयाने १८९० चा कायदा घटनाविरोधी ठरविला. १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने प्रांताचे केवळ इंग्रजीत केलेले सर्व कायदे अवैध असल्याचा अभिप्राय दिला, व भाषांतर होईपर्यंतच ते तात्पुरते अंमलात राहू दिले. उत्सवामुळे खटला जिंकला गेला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र जो समाज दोन पिढ्या पुस्तके लपवीत होता, त्याच समाजातील माणूस प्रथम रस्त्यावर आपल्या पूर्वजांचा वेश निःसंकोचपणे घेऊन उभा राहतो आणि नंतर न्यायालयात आपला हक्क मागतो, या क्रमात अर्थ नाही असेही म्हणता येणार नाही. संकोच नाहीसा झाल्यावाचून हक्काची मागणी होत नाही.

महोत्सवाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. येणाऱ्या प्रेक्षकांत इंग्रजीभाषी मोठ्या संख्येने असतात. पाक खाल्ल्याने वा पट्टा बांधल्याने कोणासही फ्रेंच येत नाही. भाषेचे संक्रमण घरात व शाळेतच होते, आणि तेथे इंग्रजीचे दडपण अद्याप प्रबळ आहे. दुसरी मर्यादा इतिहासाच्या निवडीची आहे. आनंदी, गाणारा, दणकट व्वायाजर हे चित्र आकर्षक खरे; परंतु त्याच्या पाठीवरील १८० पौंडांचे ओझे, कंपनीचे त्याच्यावरील ऋण, त्यास वाट दाखविणारे मूळ रहिवासी आणि त्याच्यासाठी पेमिकन व पादत्राणे सिद्ध करणाऱ्या स्त्रिया यांना त्या चित्रात सहज स्थान मिळत नाही. मेती समाजाचा वारसा हा फ्रेंच वारशाचा केवळ एक रंगीत भाग नव्हे, ही जाणीव अलीकडच्या काळात अधिक स्पष्टपणे व्यक्त होऊ लागली आहे. २००८ पासून फेब्रुवारीचा तिसरा सोमवार मॅनिटोबात ‘लुई रिएल दिन’ म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस मानला जातो. तो महोत्सवाच्या काळातच येतो. त्यामुळे ज्यास राज्यसंस्थेने फासावर चढविले त्याच्या स्मरणास व नाचगाण्यास एकाच मैदानात जागा द्यावी लागते.

सारांश, मोकळ्या हवेतील उत्सव भाषेस जगवितो असे म्हणण्यापेक्षा तो तिला लपू देत नाही असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. घर, शाळा व न्यायालय यांचे कार्य तो करू शकत नाही. परंतु ज्या भाषेस वर्गात दडवावे लागले होते, तिचे शब्द हिमाच्छादित रस्त्यावर मुलाने मोठ्याने उच्चारावेत व जवळून जाणाऱ्या कोणासही त्याचे आश्चर्य वाटू नये, एवढी परिस्थिती तो निर्माण करतो. अल्पसंख्य भाषेच्या दृष्टीने ही प्राप्ती लहान नाही. तिच्या आधारे पुढे काय उभारावयाचे, हे मात्र उरलेल्या पावणेबारा महिन्यांत घरोघरी ठरत असते.