ठिपक्यांचा हिशेब

रहिमतपुरातल्या आठवीच्या एका मुलीची विज्ञानाची वही नुकतीच पाहिली आणि फार वाईट वाटले. अमोनियाचा रेणू म्हणून तिने छापील चित्र कापून चिकटवले होते. नायट्रोजनच्या डोक्यावरचे दोन ठिपके कशाचे, ते तिला सांगता येईना. दोष तिचा नाही; तिला ते हाताने काढायला कुणी लावलेच नव्हते.

अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी 1916 साली संयुजा इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवले आणि दोन अणूंनी वाटून घेतलेली जोडी म्हणजे बंध, असे मांडले. त्यानंतरची कितीतरी वर्षे ओलांडून मी थेट 1980 च्या दशकात येतो, कारण तेव्हा मी रहिमतपुरात मराठी माध्यमात हे शिकलो.

फळ्यावर सोडियम 2, 8, 1 आणि क्लोरीन 2, 8, 7. वहीत बांगडी ठेवून वर्तुळे काढायची. एका अणूचे ठिपके, दुसऱ्याच्या फुल्या. अमोनियात नायट्रोजनचे पाच, तीन हायड्रोजनांचे तीन, एकूण आठ. तीन जोड्या बंधात गेल्या, एक उरली. हीच उरलेली जोडी हायड्रोजन आयनाला धरते आणि अमोनियम होतो. बेरीज चुकली की आकृतीच अडायची. नायट्रोजनच्या दोन अणूंचे अष्टक तीन जोड्या वाटल्याशिवाय पुरे होईना. तो तिहेरी बंध किती चिवट, हे कळले की हवेत एवढा नायट्रोजन असून उसाला युरिया का घालावा लागतो, तेही कळायचे.

एक राग मात्र अजून गेलेला नाही. पुस्तकात ठिपके होते तिथे फुल्या काढल्या म्हणून एका परीक्षेत माझे गुण कापले. इलेक्ट्रॉन सारे सारखेच. फुली ही फक्त आपल्या हिशेबाची खूण. अशा तपासणीनेच आकृती पाठांतराची झाली.

पुढे बहुपर्यायी प्रश्नांनी उरलेसुरले संपवले. 2017 पासून राज्यातले वैद्यकीय प्रवेश ‘नीट’ या प्रवेश परीक्षेवर होतात. तिथे रेणू काढून दाखवावा लागत नाही. मग शिकवणीवाल्यांनी आकृती वेळखाऊ ठरवली. डिजिटल फळ्यावर इलेक्ट्रॉन आपोआप सरकतात, मुले नुसती बघतात.

ठिपके सगळे सांगत नाहीत. द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे का ओढला जातो, हे त्यांतून उमगत नाही. तरी बंध समजण्याची पहिली पायरी तीच आहे. शिक्षकांनो, मुलांना कोरा कागद द्या. पाणी, मिथेन, अमोनिया, कार्बन डायऑक्साइड त्यांना स्वतः काढू द्या, आणि गुण वर्तुळाला नको, हिशेबाला द्या.