'डिस्ट्रक्शन डर्बी' : टकरीच्या खेळाचे आकर्षण आणि त्याची मर्यादा

प्रस्तावना

पवनेच्या काठचे थेरगाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग आहे. १९६६ साली टाटा समूहाचा मोटार कारखाना पिंपरीत आला आणि पुढे चाकणपर्यंत वाहन उद्योगाचा पट्टा वाढत गेला. मोटार ही ज्या परिसराची उपजीविका आहे, तेथील विद्यार्थ्याला मोटारी फोडण्याचा संगणकीय खेळ आकर्षक का वाटावा, आणि अध्यापकाने त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळाचे स्वरूप

जुन्या मोटारी मैदानात एकमेकींवर आदळवायच्या आणि जी शेवटपर्यंत हलती राहील ती विजयी, असा 'डिमॉलिशन डर्बी' हा प्रकार अमेरिकेतील जत्रांमध्ये १९५० च्या दशकापासून रूढ झाला. त्यावर आधारित 'डिस्ट्रक्शन डर्बी' हा खेळ रिफ्लेक्शन्स या ब्रिटिश संस्थेने तयार केला व सिग्नोसिसने १९९५ साली प्रकाशित केला. यातील शर्यतीत केवळ क्रमांकाला गुण नसतात. प्रतिस्पर्ध्याची गाडी धडकेने गरकन फिरवली तरी गुण मिळतात. बंदिस्त रिंगणातील प्रकारात तर टिकून राहणे हेच उद्दिष्ट असते. याच संस्थेच्या १९९९ मधील 'ड्रायव्हर' या खेळाला मोठी कीर्ती लाभली आणि हा आधीचा खेळ तिच्या छायेत राहिला.

आकर्षणाची मीमांसा

फ्रेंच विचारवंत रॉजर कायवा यांनी १९५८ साली खेळांचे स्पर्धा, दैव, अनुकरण व भोवंड असे चार वर्ग केले. मोडतोडीचा आनंद त्यांनी चौथ्या वर्गाशी जोडला आहे. तथापि केवळ भोवंडीने या खेळाचा उलगडा होत नाही. येथे मार लागतो आणि तो टिकतो. समोरून वारंवार आदळणाऱ्या गाडीचे रेडिएटर निकामी होऊन ती बंद पडते. चाकाजवळ मार बसलेली गाडी सरळ चालेनाशी होते. म्हणून कोठे, कोणत्या कोनातून व किती वेगाने धडकायचे, याचा हिशेब खेळाडूला करावा लागतो. याउलट १९९७ च्या 'ग्रॅन टुरिस्मो' या गाजलेल्या खेळात खऱ्या कंपन्यांच्या गाड्या होत्या, परंतु भिंतीवर आदळूनही त्यांना ओरखडा पडत नसे.

आपल्याकडील भोवऱ्याचा डाव येथे आठवावा. रिंगणातील भोवऱ्यावर आपल्या भोवऱ्याची आर नेमकी मारून त्याला खोक पाडणे, यात नासधूस आहे तसेच कौशल्यही आहे. खोक पडलेला भोवरा त्या डावाची आठवण अंगावर बाळगतो. कृतीचा परिणाम डोळ्यांसमोर उमटणे व पुढील खेळीवर त्याचे ओझे राहणे, हे या दोन्ही खेळांच्या गोडीचे मूळ होय.

मर्यादा

येथे एक गंभीर आक्षेप उपस्थित होतो. केंद्र शासनाच्या आकडेवारीनुसार भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अशा देशात टक्कर ही करमणूक ठरावी काय? प्रत्यक्ष डर्बीत चालकाच्या बाजूच्या दारावर धडक देण्यास मनाई असते आणि काचा आधीच काढलेल्या असतात. म्हणजे मोडतोडीच्या त्या खेळातही माणसाच्या देहाभोवती नियमाचे कुंपण आहे. संगणकीय खेळात मात्र चालक दिसतच नाही. लोखंडाची इजा मोजली जाते, देहाची नाही. २००४ च्या 'फ्लॅटआउट' या फिनिश खेळात चालक दिसतो, पण काचेतून बाहेर फेकला जाणे हा तेथे गमतीचा विषय आहे.

खेळात गाळलेली ही बाब अपघात चाचणीत केंद्रस्थानी असते. 'भारत एनकॅप' या १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात आणि आतील मानवाकृती पुतळ्यांवर झालेला आघात मोजतात. त्याच वर्षी डिसेंबरात जाहीर झालेल्या पहिल्या निकालांत टाटांच्या हॅरियर व सफारी या गाड्यांना पाच तारे मिळाले. या दोन्ही गाड्या पिंपरीत तयार होतात. पत्रा कोठे दुमडावा आणि कोठे दुमडू नये, हे ठरवण्यामागे आतील माणूस असतो.

निष्कर्ष

सारांश, 'डिस्ट्रक्शन डर्बी'चे आकर्षण केवळ विध्वंसाच्या हौसेत नसून परिणामाच्या प्रामाणिक दर्शनात आहे, आणि त्याची उणीव हे दर्शन अर्ध्यावर थांबण्यात आहे. म्हणून या खेळावर सरसकट बंदी घालणे किंवा त्याला निरुपद्रवी मानून सोडून देणे, दोन्ही उचित नव्हे. यंत्र अभियांत्रिकीच्या अध्यापकास संवेग व ऊर्जेचे शोषण शिकवताना या खेळाचा उपयोग करता येईल. मात्र 'या गाडीत माणूस असता तर?' हा प्रश्न त्या तासाला विचारला गेलाच पाहिजे. जेथील विद्यार्थी उद्या मोटारी घडवणार आहेत, तेथे हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा मानता येणार नाही.