घरातला संगणक हलाल आहे का?

मागच्या वर्षी नववीच्या वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, दुकानदार लॅपटॉपमध्ये जे सॉफ्टवेअर फुकट टाकून देतो, ते चोरीचे असते का?" मी उत्तर टाळले, कारण माझ्या स्वतःच्या लॅपटॉपमध्ये तेच होते. दुसऱ्याची वस्तू न विचारता घेऊ नये, हे मुलांना रोज शिकवायचे आणि प्रश्नपत्रिका मात्र चोरीच्या प्रतीवर टाइप करायच्या, हे मनाला लागले.

उलेमांनी या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच केला आहे. १९८८ साली कुवेतमध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने ठराव केला, की लेखन, शोध आणि नवनिर्मिती यांवरचे हक्क शरीयतनेही जपलेले आहेत आणि ते मोडणे योग्य नाही. म्हणजे "सगळेच वापरतात" ही सबब चालत नाही.

मग हजारो रुपये कुठून आणायचे? याचे उत्तर मला एका रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये मिळाले. तिथे 'इन्स्टॉल फेस्ट' होता. लोक आपापले जुने लॅपटॉप घेऊन येतात आणि स्वयंसेवक तरुण ते एक पैसाही न घेता लावून देतात. आधी फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घेतात. मग लिनक्स पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखवतात. त्यात मशीनमधल्या मजकुराला हात लागत नाही. पसंत पडले, तरच कायमचे बसवतात.

हे सॉफ्टवेअर नुसते मोफत नाही, ते मुक्त आहे. मराठीत हे दोन शब्द वेगळे आहेत, हे बरेच आहे. मुक्त म्हणजे ते कशासाठीही वापरा, आतून कसे चालते ते पाहा, बदला आणि प्रत काढून शेजाऱ्याला द्या. बनवणाऱ्यानेच तशी परवानगी लिहून दिलेली असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली या चळवळीची घोषणा केली. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा जगासमोर ठेवला. २००४ पासून 'सॉफ्टवेअर फ्रीडम डे' साजरा होतो. आता तो बहुधा सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो आणि गावोगावचे स्वयंसेवक त्या निमित्ताने असे मेळावे भरवतात. केरळच्या सरकारी शाळांतली मुले तर अनेक वर्षांपासून याच सॉफ्टवेअरवर शिकत आहेत.

आपल्या घरांना याचा आणखी एक फायदा आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक जुन्या मशीनवर पुढची आवृत्ती चालत नाही. असा लॅपटॉप भंगारात देण्याऐवजी त्यावर लिनक्स मिंट बसवले, तर तो मुलांच्या अभ्यासाला आणखी काही वर्षे पुरतो. लिहायला लिब्रेऑफिस आहे. त्यात मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून, दोन्ही नीट लिहिता येतात. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आणि मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्ता, हे दोन्ही फॉन्ट मुक्त आहेत.

अडचणीही सांगायला हव्यात. इनपेजमधल्या जुन्या उर्दू फाइली यात थेट उघडत नाहीत. दुकानाच्या हिशेबाचे एखादे सॉफ्टवेअर चालेलच असे नाही. छपाई यंत्र कधी कधी हट्ट धरते. म्हणून मेळाव्याला जाताना आपले रोजचे काम काय आहे, ते आधी सांगावे. सवय व्हायला मला तीन आठवडे लागले. अम्मींना मात्र दोनच दिवस लागले, कारण त्यांना फक्त तिलावत ऐकायची असते!

माणूस गेल्यावर त्याचे अमल थांबतात, पण सदका-ए-जारिया, लोकांच्या उपयोगी पडणारे इल्म आणि दुआ करणारी नेक औलाद यांचा सवाब चालू राहतो, असे हदीसमध्ये आले आहे. मेळाव्यातल्या मुलांपैकी अनेकांना हे माहीतही नसेल, पण इल्म वाटून घेण्याचे काम ते करत होते. आपल्या मोहल्ल्यातही हे होऊ शकते. मदरशाची एक खोली, एक रविवार, दोन-तीन जाणकार मुले-मुली आणि एक पेन ड्राइव्ह एवढे पुरे आहे.

त्या मुलीला मी वर्गातच उत्तर दिले, "हो बेटा, ते चोरीचे असते. माझेही होते. आता नाही." पुढच्या रविवारी ती अब्बूंसोबत घरचा लॅपटॉप घेऊन आली.